वजनकाटा आणि वाढते अंग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. संत, पंत आणि तंत यांच्या पलीकडे माझी फारशी मजल गेली नाही. अशा माणसाने आज शाळकरी पैलवानांच्या वजनाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण प्रारंभीच सांगतो.

गेल्या खेपेस मी आळंदहून या बाजूला येत होतो. भर दुपारची वेळ होती. रस्त्याच्या कडेने चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा जाड स्वेटर घालून आणि कानाला मफलर गुंडाळून धावत होता. स्वेटरच्या खालून खताच्या पोत्यातले प्लॅस्टिक बाहेर डोकावत होते. मी गाडी थांबवून विचारले, "बाळा, हे काय?" तो धापा टाकीत म्हणाला, "आजोबा, वजन तोडायलोय. परवा काटा हाय." मी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने तिच्याकडे पाहिले, मान हलविली आणि तो पुन्हा धावू लागला. तो कोणत्या शाळेचा होता हे मी विचारले नाही, आणि ते महत्त्वाचेही नाही. त्याची ती नजर मात्र माझ्या मनातून गेली नाही. मुख्याध्यापकांनी व्याख्यानासाठी विषय विचारला, तेव्हा तो ठरून गेलेला होता.

'वजन तोडणे' हा पैलवानांच्या बोलीतील शब्दप्रयोग आहे. 'वजन' हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीने त्याला मोठा मान दिला. ज्याच्या शब्दाला पंचांत किंमत, तो वजनदार माणूस. पोर आजारातून उठले की आजी म्हणे, अंगावर मूठभर मांस चढू दे. आपल्या भाषेत वजन वाढणे हे बरकतीचे लक्षण होते. 'तोडणे' या क्रियापदाची सोबत मात्र निराळी आहे. फांदी तोडतात, नाते तोडतात, लचका तोडतात. वाढत्या वयाच्या मुलाने स्वतःच्या देहासाठी हे क्रियापद वापरावे, यातच काहीतरी चुकले आहे असे मला वाटते.

ही चूक कोठून आली हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. येथून जवळच, बीदर जिल्ह्यात, आजचे बसवकल्याण आहे. तेच चालुक्यांचे कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीचे विद्यार्थी हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ चा म्हणून ओळखतात, कारण त्यात जुन्या मराठीच्या काही ओळी आढळतात. आम्ही वर्गात त्या ओळी शिकविल्या आणि पुढे गेलो. त्याच ग्रंथात मल्लविनोदाचे, म्हणजे कुस्तीचे प्रकरण आहे. मल्लांचे वय, अंगकाठी आणि बळ पाहून त्यांचे वर्ग कसे करावेत हे तेथे सांगितले आहे. त्यांनी व्यायाम कोणता करावा आणि राजाने त्यांना कोणता आहार पुरवावा, हेही सांगितले आहे. वर्ग करणारा राजा तोच आणि दूध व डाळी पुरविणाराही तोच. प्रतिपाळाची आणि प्रतवारीची जबाबदारी एकाच हाती होती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. मी शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

आपल्या जत्रांतील कुस्तीला काटा ठाऊक नव्हता. तालमीला येथे कोणी गरडी म्हणो वा आखाडा म्हणो, रीत एकच होती. रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या पोराटोरांच्या कुस्त्यांपासून चांदीच्या कड्याच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत जोड लागे ती पंचांच्या नजरेने. दोघांना शेजारी उभे करीत, खांदे पाहत, मांडी पाहत आणि हातात हात देत. ही नजर पुष्कळदा अचूक असे, कधी चुके, तर कधी मुद्दामही चुके. दुबळ्या घरच्या पोराला पाटलाच्या धष्टपुष्ट पुतण्यापुढे उभे केल्याचे प्रकार वृद्ध मंडळींना आठवत असतील. परंतु त्या पद्धतीत एक गुण होता. वजन घटवून कोणाचाच फायदा होत नसे. वस्तादाची सारी चिंता पोराच्या अंगावर मांस कसे चढेल ही असे. म्हणून तर दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांच्या खुराकाला तालमीत मेहनतीइतकेच स्थान होते.

पुढे गादीवरची कुस्ती आली आणि तिच्याबरोबर वजनगट आले. मी वजनगटांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. हलक्या अंगाच्या मुलाला भारी अंगाच्या मुलापासून संरक्षण मिळावे, हाच त्यांचा हेतू आहे. वजनगट नसते तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जगाला दिसले नसते. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेला हा मुलगा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात खेळला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळविले, ते ५७ किलो गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लोकांना पदक आठवते, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण ठेवल्याची हकिकतही आठवते. मला आज त्या दोन आकड्यांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. चार वर्षांत ते एक गट वर गेले आणि वरच्या गटात त्यांना यश आले.

आता आपल्या शाळकरी मुलांकडे वळू. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. सतरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय फ्री स्टाईलमध्ये ४५, ४८, ५१, ५५, ६० असे गट आहेत. म्हणजे दोन गटांत तीन ते पाच किलोंचे अंतर. याच वयात वाढीच्या ऐन भरात मुलाचे वजन एका वर्षात आठ-नऊ किलोंनीही वाढू शकते. गेल्या वर्षी ४८ किलोत खेळलेला मुलगा यंदा ५५ मध्ये जाणे हा निसर्गक्रम झाला. पण गेल्या वर्षी त्याने ४८ मध्ये ढाल आणलेली असते, ५५ मध्ये शाळेचा दुसरा मुलगा ठरलेला असतो, आणि मग सर्वजण त्या वाढत्या अंगाला मागे ढकलू लागतात.

यात तोडले जाते ते काय? आपण शेतकरी माणसे, तुरीचे उदाहरण घेऊ. ओली तूर आडतीवर नेली तर ओल पाहून कडता कापतात. तीच तूर उन्हात वाळविली की वजन घटते, पण दाणा कमी होत नाही. पोराच्या अंगातले पाणी हेही असेच ओलीचे वजन, असे अनेकांना वाटते. हा समज घातक आहे. ४८ किलोंच्या मुलाच्या देहात सुमारे २८-२९ किलो पाणीच असते आणि ते रक्तात, स्नायूंत व पेशीपेशींत काम करीत असते. घामावाटे ते गेले आणि भरून काढले नाही, की रक्ताचे आकारमान घटते. तेवढेच काम करण्यासाठी हृदयाला अधिक ठोके घालावे लागतात. घाम कमी झाल्याने अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, मूत्रपिंडांवर ताण येतो. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे या मुलाचे जेमतेम एक किलो, तरी दमसास घटू लागतो. काट्यावरून उतरून तांब्याभर पाणी प्यायले म्हणजे सारे पूर्ववत झाले, असेही होत नाही. स्नायूंत ते पाणी पुरते परतायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि कुस्ती तर काही तासांतच असते.

मी हे केवळ वाचून सांगत नाही. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तरुण अध्यापक होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शारीरिक शिक्षणाचे अध्यापक रजेवर असल्याने आणि मला मराठी व कन्नड दोन्ही भाषा येत असल्याने कुस्ती संघाचा व्यवस्थापक म्हणून मला पाठविण्यात आले. संघात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, तालमीत वाढलेला आणि अत्यंत आज्ञाधारक. त्याचे वजन गटापेक्षा दीड किलो जास्त भरले. दोन दिवस त्याने पाणी घेतले नाही. घोंगडी पांघरून तो उन्हात बसला. तोंडाला पाणी सुटावे आणि ते थुंकून टाकता यावे म्हणून त्याला चिंच हवी होती. ती बाजारातून मी आणून दिली. काट्यावर तो बरोबर उतरला आणि आम्ही सर्वांनी त्याची पाठ थोपटली. कुस्तीत तिसऱ्या मिनिटाला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो पडला. परतीच्या प्रवासात एका बसस्थानकावर तो संकोचाने मला म्हणाला, "सर, लघवी चहासारखी होतेय." मी हसून म्हणालो, "पाणी पी, होईल ठीक." चार दिवसांनी त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. दैव बलवत्तर म्हणून तो बरा झाला, पण त्याच्या वडिलांनी त्याची तालीम कायमची बंद केली.

मी अहवालात लिहिले, "सदर खेळाडू दुखापतीमुळे पराभूत झाला." ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि खोटे होते. त्याला दुखापत झाली नव्हती. आम्ही त्याला तहानलेला ठेवला होता. भाषेच्या अध्यापकाने लिहिलेल्या त्या एका वाक्याची टोचणी मला अजून आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे प्राण वाचले, सर्वांचेच वाचतात असे नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सुमारे एका महिन्याच्या अवधीत, महाविद्यालयीन कुस्तीगीर असलेले तीन तरुण वजन घटविताना मृत्यू पावले. घाम काढण्यासाठी न हवेशीर कपडे घालून, उष्ण जागेत ते व्यायाम करीत होते. वास्तविक तेथील क्रीडावैद्यकाच्या संघटनेने १९७६ सालीच या प्रथेविरुद्ध इशारा दिला होता. नियम बदलले ते तीन चिता पेटल्यावर. महाविद्यालयीन स्पर्धांत रबरी पोशाख व वाफेच्या खोल्या यांना बंदी झाली आणि वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली गेली. पुढे २००६-०७ च्या हंगामापासून तेथील माध्यमिक शाळांसाठीही देशभर नियम झाला. हंगामाच्या आरंभी मुलाची लघवी तपासतात. तिचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ पेक्षा अधिक भरले, तर अंगात पाणी कमी आहे असे मानून त्या दिवशी त्याचा गट ठरवीतच नाहीत. पाणी पुरेसे असेल तरच अंगातील चरबी मोजतात. मुलांची सात टक्के आणि मुलींची बारा टक्के चरबी राहील, त्याखाली वजन उतरविता येत नाही. आणि उतरवायचेच झाले तर आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक नाही. पन्नास किलोंच्या मुलाचे हे होतात साडेसातशे ग्रॅम. दोन दिवसांत दीड किलो तोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

थोरांच्या कुस्तीतही हा प्रश्न सुटलेला नाही. पूर्वी वजन आदल्या दिवशी घेत. सारी रात्र खाण्यापिण्याला मिळते म्हणून पैलवान अधिकाधिक वजन तोडीत. म्हणून २०१८ पासून स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्याचा फटका आपण २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला पाहिला. एरवी ५३ किलोंत खेळणारी विनेश फोगाट तेथे ५० किलो गटात उतरली. पहिल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीसह तिघींना हरविले. रात्रभर व्यायाम करून, घाम काढून, केससुद्धा कापून दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, ती काट्यावर उभी राहिली आणि १०० ग्रॅम अधिक भरली. अंतिम फेरीपूर्वी ती बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने सुमारे दहा तासांत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून ५७ किलोंत कांस्यपदक मिळविले आणि देशाने त्याचे कौतुक केले. पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच खेळाडू वजनात न बसल्याने खेळू शकला नाही.

या बातम्या आपली मुले वाचतात. दहा तासांत साडेचार किलो, हा त्यांना पराक्रम वाटतो. त्यांना आपण सांगितले पाहिजे की ती वाढ पूर्ण झालेली, जाणती माणसे आहेत. त्यांच्यामागे वैद्य, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक रात्रभर उभे असतात, आणि तरीही काटा त्यांना दगा देतो. आमच्या मुलामागे असते खताचे पोते आणि दुपारचे ऊन. शिवाय जाणता माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. शाळकरी मुलगा तो घेत नाही. त्याच्या प्रवेशपत्रावर गट लिहितो शिक्षक आणि खाली सही असते शाळेची.

म्हणून, आजच्या निमित्ताने, या शाळेपुढे आणि परिसरातील सर्व शाळांपुढे पाच नियम ठेवतो. यांपैकी एकही माझ्या कल्पनेतून निघालेला नाही. जगाने किंमत मोजून शिकलेल्या गोष्टी आपल्या ऐपतीत बसतील अशा मांडल्या आहेत.

पहिला नियम : कुस्तीच्या मुलांची उंची व वजन शाळा सुरू होताच, पोटभर पाणी प्यायलेल्या अवस्थेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमक्ष नोंदवावे आणि त्यावरूनच त्या मुलाचा सर्वांत खालचा गट ठरवावा. स्पर्धेच्या आठवड्यात तो बदलू नये.

दुसरा : चौदा वर्षांखालील मुलाचे वजन स्पर्धेसाठी मुळीच उतरवू नये. त्यावरील मुलाचे उतरवायचे तर डॉक्टरांचा सल्ला आणि पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि आठवड्याला दीड टक्क्याची मर्यादा पाळावी. तेही आहारातील तळण, गोडधोड कमी करून. पाणी तोडून नव्हे.

तिसरा : प्लॅस्टिक, घोंगडी, उन्हातली धाव, थुंकणे, जुलाबाची औषधे आणि लघवीच्या गोळ्या यांना पूर्ण बंदी. लघवीच्या गोळ्या तर उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांतही निषिद्ध आहेत. त्या देणारा माणूस मुलाचे आरोग्य आणि भवितव्य दोन्ही धोक्यात घालतो.

चौथा : सरावाआधी व सरावानंतर मुलाचे वजन वहीत लिहावे. घामाने घटलेले वजन त्याच दिवशी पाण्याने भरून यावे. सकाळच्या वजनात एकाएकी दोन टक्के घट दिसली, तर त्या दिवशी त्याला हौद्यात उतरवू नये.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : मुलगा गटात बसला नाही तर त्याला वरच्या गटात खेळवावे, जागा नसेल तर त्या वर्षी खेळवू नये, पण त्याला एका शब्दानेही बोलू नये. अंग वाढणे हा गुन्हा नव्हे.

कोणी म्हणेल, "सर, बाकीच्या शाळा वजन तोडतात, आमचीच मुले मागे पडतील." हा आक्षेप खरा आहे. वरच्या गटात गेलेला मुलगा एखादे वर्ष हरेलही. त्याला माझ्याजवळ गोड उत्तर नाही. एवढेच म्हणतो की ढाल कपाटात राहते आणि मूत्रपिंडे माणसाबरोबर म्हातारपणापर्यंत जातात. शिवाय तहानलेला मुलगा तिसऱ्या मिनिटाला कसा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पालकांनाही एक सांगणे आहे. आपल्याकडे एकादशी आहे, श्रावण आहे, रोजे आहेत. उपवासाची मुलांना सवय असते, म्हणून वजनासाठी उपाशी राहणे आपणांस विशेष वाटत नाही. पण व्रताचा उपवास मनाच्या शुद्धीसाठी असतो आणि त्या दिवशी आपण कुस्ती खेळत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्यालाही अति खाणे आणि मुळीच न खाणे, दोन्ही वर्ज्य सांगितले आहे. योग्याला जे लागू, ते दिवसभर जोर काढणाऱ्या पोराला किती अधिक लागू असावे! राज्यशासनाने २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत शाळकरी मुलांना दूध देण्यास प्रारंभ केला. एका हाताने शाळेत दूध पाजायचे आणि दुसऱ्या हाताने उन्हात पळवून ते पिळून काढायचे, ही विसंगती आपल्या लक्षात यायला हवी.

आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांना विनंती. आपण सोलापूर, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथून आलात. शाळेला काहीतरी द्यावे असे आपल्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. यंदा ढाल देऊ नका. एक चांगला वजनकाटा द्या, उंची मोजण्याची पट्टी द्या, आणि कुस्तीच्या मुलांसाठी वर्षभराचे शेंगदाणे, डाळ, दूध आणि अंडी यांचा खर्च उचला. कल्याणच्या राजाने वर्ग करणे आणि पोसणे ही दोन्ही कामे एकाच हाती ठेवली होती, असे मी प्रारंभी म्हणालो. आज राजा नाही. ती दोन्ही कामे शाळेकडे आणि आपणांकडे आली आहेत. काटा ठेवणाऱ्याने खुराकही द्यावा. ज्याला खुराक देता येत नाही, त्याने काटा दाखवून मुलाला पाण्यापासून तोडू नये.

आळंदच्या रस्त्यावरचा तो मुलगा कोठे आहे, त्या परवाच्या काट्यावर तो उतरला की नाही, मला माहीत नाही. कदाचित तो या सभागृहातही बसला असेल. असेल तर त्याला माझे सांगणे आहे : बाळा, घरी जा, तांब्याभर पाणी पी, आणि उद्या तुझ्या सरांना सांग की माझे अंग वाढले आहे, मला वरच्या गटात घाला. सरांनी त्याचे ऐकावे, एवढेच माझे मागणे आहे.